अधिछात्रवृत्तीची जाहिरात: रामाकोन्याच्या वाचकासाठी ओळीवार भाष्य

उपोद्घात

रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावरचे गाव, तालुका सौंसर. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. इथे घरात मराठी बोलतात, सरकारी कागद हिंदीत येतो आणि संत्र्याची गाडी नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा मुलूख आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. बाजारहाट, सोयरीक आणि दवाखाना यांना ती सीमा आडवी आली नाही. संशोधनाच्या पैशाला मात्र ती आडवी येते, आणि ती कुठे कुठे येते हे जाहिरात ओळीवार वाचल्याशिवाय कळत नाही.

पुढे 'मूळ' म्हणून दिलेल्या ओळी कोण्या एका जाहिरातीतून उतरवलेल्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सगळे जिला जेआरएफ म्हणतात ती, आणि तिच्या धर्तीवरच्या इतर योजना यांत जी कलमे पुन्हा पुन्हा येतात त्यांचा आशय साध्या शब्दांत मांडला आहे. माझे म्हणणे एवढेच: हुशारी परीक्षेत तपासली जाते, पण पैसा हाती येईल की नाही हे पत्ता, गाइड आणि दरमहाची नोंद या तीन गोष्टींवर ठरते. सीमेवरच्या विद्यार्थ्याने हे एम.ए.च्या पहिल्या वर्षीच जाणून घ्यायला हवे.

मूळ १. अर्जदाराने पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवलेली असावी. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के.

भाष्य. ही अट वाचून एम.ए.च्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी मागे फिरतो, कारण त्याला वाटते की आधी निकाल लागला पाहिजे. तसे नाही. अंतिम वर्षात असतानाही नेटला, म्हणजे जेआरएफ आणि प्राध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या परीक्षेला, बसता येते. निकालानंतर दोन वर्षांच्या आत पदवी विहित गुणांनी पूर्ण झाली पाहिजे, एवढेच. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत होते. मराठी हा तिचा एक विषय आहे. दोन्ही पेपरांना बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात, आणि जेआरएफ त्याहून थोड्यांना मिळते.

शंका: जेआरएफ हुकली तर वर्ष वाया गेले का? समाधान: नाही. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत. पहिल्या गटाला जेआरएफ, प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश असे तिन्ही मिळते. दुसऱ्याला शेवटची दोन. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी गुण. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात विद्यापीठांच्या प्रवेश-जाहिराती पाहायला लागावे.

मूळ २. जेआरएफसाठी कमाल वय ३० वर्षे. सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची मर्यादा नाही.

भाष्य. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग, तृतीयपंथी आणि सर्व प्रवर्गांतील महिला यांना पाच वर्षांची सूट आहे. आमच्या भागात हे कलम सगळ्यात जास्त मुलींनी वाचायला हवे. बी.ए. झाल्यावर लग्न, मग मूल, मग तीन-चार वर्षांनी खासगीरीत्या एम.ए. हा रस्ता अनेकींचा आहे. तिशी उलटली म्हणून संशोधन संपले, असे घरचे म्हणतात आणि ती मान्यही करते. नियम तिला पस्तिशीपर्यंत वेळ देतो.

मूळ ३. उमेदवार राज्याचा अधिवासी असावा. जातीचे प्रमाणपत्र राज्यातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेले असावे.

भाष्य. ही ओळ केंद्राच्या जाहिरातीत नसते, राज्याच्या जाहिरातीत असते. आणि रामाकोन्यासाठी सगळ्या जाहिरातीत हीच ओळ सर्वांत जड आहे.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योतीचे मुख्यालय तर नागपुरात आहे. रामाकोन्याचा कुणबी मुलगा नागपूर विद्यापीठात नोंदणी करतो, वसतिगृहात काटोल-नरखेडच्या कुणबी मुलाशेजारी राहतो, दोघांचे गाइड एक आणि ग्रंथालयही एक. काटोलचा मुलगा सारथीला अर्ज करतो. रामाकोन्याच्या मुलाकडे मध्य प्रदेशचे मूल निवासी प्रमाणपत्र आहे. त्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद होतो. यात कोणत्या कर्मचाऱ्याचा दोष नाही. योजना राज्याच्या तिजोरीतून चालते आणि राज्य आपल्या रहिवाशाला देते.

शंका: जात तीच, आडनाव तेच, मग नागपूरचे जातीचे प्रमाणपत्र काढता येणार नाही का? समाधान: काढू नये. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला मूळ राज्यातला तो दर्जा नव्या राज्याच्या सवलतींसाठी मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात आणि पुन्हा १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे. खोट्या पत्त्यावर काढलेला कागद पुढे नोकरीच्या पडताळणीत उघडा पडतो आणि मिळवलेले सगळे घेऊन जातो. हाच नियम सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी महाराष्ट्र घेतो त्या सेट परीक्षेतही दिसतो: परराज्यातला राखीव प्रवर्गाचा उमेदवार तिथे खुल्या गटात मोजला जातो.

मग करायचे काय? केंद्राच्या योजनांसाठी मध्य प्रदेशात काढलेले, केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र देशभर चालते. नागपूर, पुणे, हैदराबाद कुठेही नोंदणी असो. जेआरएफ, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गासाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या, एकुलत्या एक मुलीसाठीची सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल अधिछात्रवृत्ती यांपैकी कोणतीही योजना कोण्या एका राज्याचा अधिवास मागत नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट-जेआरएफ नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यालाही दरमहा ८,००० रुपयांची योजना आहे. आपल्याला जवळची केंद्रीय विद्यापीठे वर्धा आणि सागर इथे आहेत. म्हणून सौंसरच्या तहसील कचेरीत जाल तेव्हा राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही नमुने मागा. इतर मागासवर्गाच्या उमेदवाराने नॉन-क्रिमीलेअरची तारीख चालू आर्थिक वर्षाची आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. पुढे जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत हा कागद हाती येईल, या भरवशावर राहू नये.

मूळ ४. उमेदवाराची पीएच.डी.साठी नोंदणी असावी आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावर मार्गदर्शक उपलब्ध असावा.

भाष्य. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक हा नियमित, पूर्णवेळ शिक्षकच लागतो.

हे शेवटचे वाक्य छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या महाविद्यालयांत नेऊन वाचा. तिथल्या अनेक वर्गांत शिकवणारे शिक्षक अतिथी विद्वान आहेत. महाराष्ट्रात त्यांनाच तासिका तत्त्वावरचे म्हणतात. त्यांतले कितीतरी जण स्वतः पीएच.डी. आहेत, नेट आहेत, वर्षानुवर्षे शिकवत आहेत. पण ते गाइड होऊ शकत नाहीत. नियमित पद रिकामे, म्हणून गाइड नाही. गाइड नाही, म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही, म्हणून अधिछात्रवृत्ती नाही. रिकाम्या पदांचा प्रश्न आपण नेहमी शिकवण्याच्या बाजूने मांडतो. एका रिकाम्या पदामुळे चार संशोधकांच्या जागा बुडतात, हे कुणी बोलत नाही.

उपाय एक आहे आणि तो नियमातच आहे: बाहेरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक. छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठात नोंदणी आणि नागपूरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक, किंवा याच्या उलट, अशी जोडी बसवता येते. त्यासाठी दोन्ही बाजूंची लेखी संमती लागते, आणि ती मिळवायला विद्यार्थ्यालाच दोन शहरांत हेलपाटे घालावे लागतात. ते घालावेत. सीमेवर राहण्याचा जो एक फायदा आहे तो हाच.

मूळ ५. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा जोडावा.

भाष्य. आयसीएसएसआरसारख्या संस्थेत निवड मुख्यतः आराखड्यावर होते, म्हणून इथे थांबून एक उदाहरण पाहू.

विद्यार्थी लिहितो: 'संत्रा उत्पादकांच्या समस्या: एक अभ्यास.' हा विषय कोणत्याही जिल्ह्याला लावता येतो, म्हणूनच तो कुठेही उभा राहत नाही. आता त्याच विद्यार्थ्याला त्याच्याच बापाच्या बागेत नेऊ. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग पाहून जातो आणि सौदा ठरतो, काही रक्कम हाती येते. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ होते. गळलेल्या फळाचा तोटा कोणाचा? व्यापारी उरलेली रक्कम कमी करतो का? सौदा तोंडी असेल तर भांडण कोण सोडवतो? इसार जास्त घेतलेला शेतकरी कमी बोलतो का? हे चार प्रश्न लिहिले की आराखडा तयार झाला: 'सौंसर तालुक्यातील आंबिया बहाराचे बागसौदे आणि फळगळीच्या तोट्याची वाटणी.' तालुका ठरला, हंगाम ठरला, कोणाशी बोलायचे ते ठरले, आणि दोन हंगामांत काम पुरे होईल हेही दिसले. परीक्षक समितीला एवढेच हवे असते.

हाच विषय वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने घेतला तर त्याने फळगळीच्या कारणांकडे किंवा खोडावरच्या डिंक्या रोगाकडे वळावे आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे दार ठोठवावे. पाण्याचा प्रश्न घेणाऱ्याला कन्हान नदी आहे आणि नागपूरला नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे. या संस्थांत प्रकल्पांवर ठरावीक मुदतीची पदे निघतात, अनेकदा थेट मुलाखतीने. पीएच.डी.च्या आधी एखाद-दोन वर्षे तिथे काढली तर हाताला काम येते आणि पुढच्या अर्जाला शिफारस देणारा माणूस मिळतो.

मूळ ६. अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये. दोन वर्षांनंतर मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता व आकस्मिक निधी नियमानुसार.

भाष्य. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. पाच वर्षांचा हिशेब मांडू: पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, एकूण २४ लाख रुपये. घरभाडे वेगळे. केंद्राच्या वर्गवारीत नागपूर 'वाय' गटात आणि छिंदवाडा 'झेड' गटात येते. दोन्हींच्या घरभाड्याच्या टक्केवारीत दुपटीचा फरक आहे. पुस्तके, प्रवास आणि टंकलेखन यांसाठीचा आकस्मिक निधी मानव्यविद्यांत पहिली दोन वर्षे सालीना १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. विज्ञानात १२,००० आणि २५,०००.

चार-पाच एकर बागेवर चालणाऱ्या घरात हा आकडा समोर ठेवून बोलावे. 'अजून किती शिकणार' या प्रश्नाला उत्तर म्हणून तो पुरेसा आहे. मात्र दोन वर्षांनंतरची वाढ आपोआप मिळत नाही. बाहेरचा तज्ज्ञ असलेली समिती काम पाहते आणि तिचा अहवाल विद्यापीठाने पुढे पाठवावा लागतो. तो अहवाल वेळेत जातो की नाही, यावर विद्यार्थ्यानेच नजर ठेवावी.

मूळ ७. संस्थेने अधिछात्राच्या कामाची खात्री दरमहा पोर्टलवर नोंदवावी.

भाष्य. ओळ लहान आहे, पण सगळ्यात जास्त पैसा इथेच अडतो. विद्यापीठात दोन माणसे नेमलेली असतात: एक मेकर, एक चेकर. मेकरने त्या महिन्याची नोंद टाकायची, चेकरने ती तपासून मंजूर करायची, मग रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. मेकर रजेवर गेला, चेकरची बदली झाली, आधारशी जोडलेले खाते बदलले, घरभाड्याचे पत्र जुने झाले, यांपैकी एक गोष्ट घडली की महिना कोरा जातो.

विद्यार्थ्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत. गाइडची सही असलेले मासिक पत्र महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात द्यावे. त्याची पोच घ्यावी. मेकरचे नाव आणि बसण्याची जागा माहीत असावी. थकबाकी राहिली तर कोणता महिना आणि कोणत्या टप्प्यावर, हे लेखी विचारावे. विद्यापीठांनी करायची गोष्ट त्याहून साधी आहे: मेकर आणि चेकर दोघांना बदली माणूस ठरवून ठेवावा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

मूळ ८. अधिछात्राने या काळात अन्य वेतन वा मानधन घेऊ नये.

भाष्य. अतिथी विद्वान म्हणून तास घेणाऱ्याने जेआरएफ स्वीकारली तर तास सोडावे लागतात. सोडले तर अनुभवाचे वर्ष मोजले जात नाही, ही भीती खरी आहे. तरीही लपवून दोन्हीकडून घेऊ नये. वसुली आली की ती सगळ्याच रकमेची येते.

ज्ञानासाठी दिलेल्या दानाला अटी असणे या भूमीला नवे नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याची नोंद आहे, आणि त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, तोवरच दान टिकेल, अशी अटही आहे. त्याच राजाचा एक ताम्रपट आपल्या पांढुर्ण्याचा. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा चम्मकचा आणि पांढुर्ण्याचा पट एकाच ग्रंथात बसले. एक अमरावती जिल्ह्यातला, दुसरा तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातला. अभ्यासाला जे एक दिसले ते निधीने दोन का मानावे? राज्याने अट घालावी, जरूर घालावी; पण ती अभ्यासकाच्या वागण्यावर आणि कामावर असावी, त्याच्या तालुक्यावर नसावी.

मूळ ९. अधिछात्रवृत्ती मिळाल्याने नोकरीचा हक्क निर्माण होत नाही.

भाष्य. म्हणून नोकरीची तयारी वेगळी करावी लागते, आणि इथेही सीमा आहे. नेटची पात्रता देशभर चालते. सेटची पात्रता ज्या राज्याने परीक्षा घेतली तिथेच चालते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, मध्य प्रदेशची सेट मध्य प्रदेशापुरती. मध्य प्रदेशात शासकीय महाविद्यालयांची भरती राज्य लोकसेवा आयोग करतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणून रामाकोन्याच्या विद्यार्थ्याने पहिली मेहनत नेटवर करावी. दोन्ही बाजूंची दारे एका परीक्षेने उघडतात.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्याच्यासमोर ठेवले आहे, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून उभा करायचा आहे. मोठ्या संस्थेने केंद्र व्हायचे आणि लहान विद्यापीठांना जोडून घ्यायचे, अशी त्याची एक योजना आहे. छिंदवाड्यासारख्या तरुण विद्यापीठाने नागपूर किंवा भोपाळच्या संस्थेशी अशी जोड मागितली पाहिजे. पण प्रस्तावावर सही करायला नियमित शिक्षक लागतो, आणि आपण पुन्हा चौथ्या ओळीवर येतो.

उपसंहार

नऊ ओळींपैकी बहुतेक ओळी विद्यार्थ्याच्या हातात आहेत: वेळेवर अर्ज, नेमका आराखडा, कागदांची शिस्त, दरमहाचा पाठपुरावा. तिसरी ओळ आणि चौथीतली रिकामी पदे त्याच्या हातात नाहीत. ते सरकारांनी बदलायचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीचा अभ्यास महाराष्ट्राच्या हद्दीत संपत नाही, हे दोन्ही घोषणांच्या वेळी बोलले गेले असेल, तर ते योजनेच्या कलमात यावे. माझी मागणी तीन वाक्यांची आहे. मराठी भाषा, बोली, इतिहास आणि सीमाभागाचे समाजजीवन या विषयांवर संशोधन करणाऱ्याला महाराष्ट्राने अधिवासाची अट न लावता ठरावीक संख्येने अधिछात्रवृत्त्या द्याव्यात. मध्य प्रदेशाने सौंसर-पांढुर्ण्यात मराठीची नियमित पदे भरून संशोधन केंद्र उघडावे. आणि घटनेच्या कलम ३५० ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनी या जिल्ह्याच्या उच्च शिक्षणाची स्थिती आपल्या अहवालात घ्यावी. तोवर प्रत्येक गावातल्या एका तरी नेट उत्तीर्ण मुलाने किंवा मुलीने पुढच्या पाच जणांना ही जाहिरात समोर बसवून वाचून दाखवावी, आणि केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र काढायला त्यांना सौंसरला सोबत घेऊन जावे.